वळवणचा तह आणि खंदेरीचे पाणी

आम्ही मावळची माणसे डोंगराकडे पाठ टेकून बसणारी. इतिहास म्हटला की आमच्या शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांपुढे लोहगड उभा राहतो, विसापूर उभा राहतो, फार तर राजमाची. समुद्राचा प्रश्न विचारला की वर्ग गप्प. वास्तविक कुसगावाहून बोरघाटाचा माथा तो केवढा दूर! घाट उतरावा, खोपोली मागे टाकावी, की पनवेलला खाडीचे पाणी भेटते. परंतु नकाशावरचे अंतर आणि मनातले अंतर ही दोन वेगळी मापे आहेत. आमच्या मनातला इतिहास घाटमाथ्यावर येऊन थांबतो; खाली कोकण, आणि पलीकडे काहीतरी निळे.

हे अंतर जुन्या माणसांना ठाऊक नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते ज्याने पुरे केले तो भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा. खांबांवर ज्यांनी आपली नावे कोरून ठेवली त्यांत सोपारा बंदरचा दाता आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत. ही मंडळी डोंगरात वाट चुकून आली नव्हती. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे, आणि मालाबरोबर पैसा, देव आणि भाषा चढत. त्या लेण्याच्या छताला दगडाखाली लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत, त्या आजही जागेवर आहेत. वर मान करून पाहिले की मला तरी दर वेळी उपडे घातलेले तारूच दिसते. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा. चैत्र आला की मुंबई-ठाण्याचे, रायगडच्या किनाऱ्याचे कोळी आणि आगरी पालखी घेऊन हा डोंगर चढतात. समुद्रावर पोट भरणाऱ्यांची आई आमच्या डोंगरात बसली आहे. आम्ही मात्र समुद्राला परका मानतो!

याच प्रांतात इतिहासाची एक मोठी गाठ बांधली गेली. तिची कथा सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

१७१३ साली छत्रपती शाहूंचे राज्य नवे आणि डळमळीत होते. कान्होजी आंगरे तेव्हा ताराबाईंच्या पक्षाचे. त्यांच्यावर शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना धाडले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले, लोहगड आणि राजमाची घेतली. साताऱ्यावर चाल होणार अशी हवा उठली. दर्यावरचा माणूस घाटमाथ्यावर येऊन उभा राहिला होता. नोव्हेंबरात शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे दिली आणि हे प्रकरण त्यांच्या हाती सोपवले. बाळाजीपंतांनी तलवार उपसली नाही. भेटीचा निरोप पाठवला. दोघे लोणावळ्याजवळ वळवण येथे भेटले, आणि १७१४ च्या फेब्रुवारीत तह ठरला.

या भेटीतली मौज पाहा. बाळाजीपंत श्रीवर्धनचे, सिद्दीच्या जाचाने कोकण सोडून घाट चढलेले. आंगऱ्यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या घाटावरच्या गावावरून ते आंगरे झाले असे सांगतात. म्हणजे समुद्रकाठचा माणूस घाटावर येऊन मुत्सद्दी झाला, आणि घाटावरच्या घराण्याचा माणूस खाली उतरून दर्याचा धनी झाला. दोघांनाही दोन्ही बाजूंचे पाणी ठाऊक. तह जमला यात नवल ते काय?

तहाने कान्होजींनी शाहूंचा पक्ष धरला, बहिरोपंतांना सोडले आणि राजमाचीखेरीज घाटावरचे जिंकलेले परत केले. मोबदल्यात सरखेलपद कायम झाले आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. त्या दहांची नावे मी मुलांकडून पाठ करून घेतो: खंदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड, कनकदुर्ग, फतेगड, अवचितगड, यशवंतगड. अवचितगडासारखा एखादा सोडला तर ही यादी म्हणजे किनाऱ्याची रांगच आहे. डोंगरातल्या गावात बसून समुद्राचे वाटप झाले!

ही रांग एकदा पाण्यावरून पाहावी अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. पूर्वी मुंबईहून कोकणची आगबोट निघे, बंदरामागून बंदर घेत दक्षिणेला जाई. ती वाहतूक बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली आणि माणसे बोगद्यांतून जाऊ लागली. आता हा प्रवास तुकड्यातुकड्यांनीच करावा लागतो. मुंबईहून मांडव्याला लाँचने, थळहून खंदेरीला मच्छीमारांच्या होडीने, राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने, हर्णेहून सुवर्णदुर्गाला, मालवणहून सिंधुदुर्गाला. मी दोन-तीन सुट्ट्यांत तो तसाच केला. एका परीने हेच बरे झाले. उंच जहाजाच्या कठड्यावरून हे किल्ले चित्रासारखे दिसतात; होडीतून ते अंगावर येतात.

थळचे तांडेल मला म्हणाले, "मोठ्या बोटीला इथं पाणी पुरत नाही, मास्तर. खाली सगळा खडक." त्या एका वाक्यात १६७९ चा सगळा रणसंग्राम आहे. त्या साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्यांना खंदेरीवर पाठवून तटाचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उठतो हे पाहून इंग्रज चवताळले. त्यांचे मोठे जहाज 'रिव्हेंज' पाण्यात उभे राहिले, पाठोपाठ सिद्दीचे आरमार आले. पण बेटावर जाणारे धान्य, चुना, माणसे थांबेनात. वारा पडला की शिडाचे मोठे जहाज लाकडाचा ओंडका होऊन बसते. वल्ह्यांची गलबते मात्र उथळ पाण्यातून, रात्रीच्या काळोखात सुळकन निसटतात. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार पहाटे बाहेर पडले. इंग्रजांचे 'डव्ह' नावाचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले, बाकीची लहान जहाजे पळाली, एकटे 'रिव्हेंज' तेवढे झुंजले. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी समेट केला. सिद्दीने शेजारचे उंदेरी गाठून तिथे आपल्या तोफा मांडल्या, तो शेजार पुढे पुष्कळ वर्षे धुमसत राहिला. पण खंदेरी उठली ती उठलीच.

लहान माणसांची लहान जहाजे, आणि पाण्याची पक्की ओळख: मराठ्यांच्या आरमाराचे भांडवल एवढेच होते. त्यामागे राज्याचा विचार होता. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचा पाया घातला, पायाच्या दगडांत शिसे ओतले. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात तिथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. त्यांचे पाणी पिताना ही नावे ज्याने ठेवली त्याच्या तहानेची कल्पना येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे माणसे लेकरांसारखी वाढवतात, असा त्याचा आशय आहे. तोफांच्या गोष्टीत आंब्याच्या झाडाची आठवण ठेवणारे राज्य मला मोठे वाटते.

सगळेच साधले असे मात्र नाही. जंजिरा साधला नाही. त्यावर धाक ठेवण्यासाठी जवळच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव घालून वाट करू पाहिली. तरीही सिद्दीचे निशाण उतरले नाही. ते संस्थान भारतात आले १९४८ साली. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी हे बेट तीन शतके राखले. राजपुरीच्या होडीतून तो तट जवळ येताना शत्रूलाही हात जोडावेसे वाटतात. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही!

आता वळवणच्या गाठीचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. कान्होजी होते तोवर ती टिकली. १७२९ मध्ये ते गेले, मुलांत भाऊबंदकी माजली. विजयदुर्गाकडे तुळाजी आंगरे प्रबळ झाले आणि पुण्याला जुमानीनासे झाले. तुळाजी उद्दाम होते, पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नानासाहेब पेशव्यांनी उपाय कोणता केला? १७५५ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले. गोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती पसरत गेली, आणि आंगऱ्यांचे आरमार नांगरावरच जळाले. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. किल्ला लगेच पेशव्यांना देण्याचे इंग्रजांच्या मनात नव्हते. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात तो दिला, तोही बाणकोट पक्के करून घेऊन.

आजोबांनी वळवणला बोलून जे जोडले, ते नातवाने बेचाळीस वर्षांनी परक्याच्या तोफेने तोडले. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडून दाखवले, तेव्हा विजयदुर्गाला जुने दिवस आठवले असतील. परंतु किनाऱ्याची ती अखंड रांग पुन्हा उभी राहिली नाही. घरचा भांडखोर भाऊ आणि गोड बोलणारा पाहुणा यांत निवड करताना आपण कितीदा पाहुण्याला कौल दिला आहे, हा प्रश्न केवळ पेशव्यांना विचारण्याचा नाही.

हिशेब पुरा व्हायला फार वेळ लागला नाही. ४ मार्च १८१८ रोजी लोहगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला, लढाईवाचून. कर्नल प्रॉथरची ती फौज आली होती कोकणाच्या बाजूने. समुद्र मोकळा सुटला की घाट राखता येत नाही, हे त्या दिवशी आमच्या डोंगराला कळले. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी चढली ती त्याच वाटेने.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत आमचा लोहगड आहे. आणि त्याच यादीत खंदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. ही बातमी आली तेव्हा गावात पेढे वाटले गेले ते लोहगडाचे. मी वर्गात फळ्यावर पाचही नावे एकाखाली एक लिहिली आणि मुलांना विचारले, डोंगरातला एक आणि पाण्यातले चार, हे एकाच यादीत कसे? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, घर एकच असेल. हा वरचा माळा."

वळवणला आता टाटांच्या धरणाचे पाणी आहे. ते नळांतून घाट उतरते, खोपोलीला वीज देते आणि पुढे समुद्राची वाट धरते. पाण्याला ही वाट कुणी शिकवावी लागत नाही. आपल्याला मात्र ती शिकावी लागेल.