नांगराची साखळी

‘नांगर’ हा शब्द कानी पडला की देशावरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे शेत उभे राहते आणि कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे होडी. एक नांगर भुई उकलतो, दुसरा पाण्याखालची भुई घट्ट धरून ठेवतो. आज मला या दुसऱ्या नांगराविषयी, किंबहुना त्याला बांधलेल्या साखळीविषयी, चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त किनाऱ्यावरील एका गावी माझा मुक्काम होता. तेथील एका स्नेह्यांनी हौसेने शिडाची एक लहान होडी बाळगली होती. तिच्या नांगरासाठी त्यांनी शहरातील एका दुकानातून जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत साखळी आणली. भाव इतर दुकानांपेक्षा पुष्कळच कमी पडला होता. मोसमाच्या तोंडाशी एका रात्री वारा सुटला आणि सकाळी होडी खडकावर आपटलेली दिसली. साखळी ओढून पाहतो तो एकच कडी जोडापाशी उकललेली. बाकीच्या साऱ्या धडधाकट. स्नेही एवढेच म्हणाले, ‘‘रावसाहेब, ही कडी कच्ची आहे हे मी दुकानात कसे ओळखायचे होते?’’

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचन करता करता लक्षात आले की, याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात इंग्लंडसारख्या दर्यावर्दी राष्ट्राची अर्धशतकाहून अधिक वर्षे गेली.

लोखंडी साखळीची कल्पना जुनीच आहे. इसवी सनापूर्वी ५६ साली आजच्या फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील व्हेनेटी लोकांशी ज्यूलियस सीझर लढला, तेव्हा त्यांच्या गलबतांचे नांगर दोरांऐवजी लोखंडी साखळ्यांना बांधलेले होते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. तथापि पुढे शतकानुशतके जगाचा कारभार दोरखंडावरच चालला. आपल्याकडे काथ्याचा, युरोपात तागासारख्या हेम्पचा. मोठ्या ब्रिटिश युद्धनौकेच्या नांगराच्या दोरखंडाचा घेर २४ इंचांपर्यंत असे. तो ओला झाला की कुजे, खडकावर घासला की झिजे, आणि ठेवावयास जहाजाच्या पोटात प्रशस्त जागा लागे. शिवाय हे हेम्प मुख्यतः रशियातून येई. १८०७ मध्ये नेपोलियन आणि झार यांचा टिल्सिट येथे तह झाला आणि हा पुरवठाच धोक्यात आला.

अशा वेळी सॅम्युएल ब्राऊन हा ब्रिटिश नौदलातील अधिकारी पुढे आला. १८०८ मध्ये त्याने ‘पेनेलोपी’ नावाच्या जहाजावर लोखंडी साखळ्या चढवून ते वेस्ट इंडीजच्या सफरीवर नेले. साखळीने परीक्षा उत्तम दिली. तिचा गुण केवळ बळकटीत नव्हता. साखळी जड असल्यामुळे तिचा बराच भाग समुद्राच्या तळाशी आडवा पडून राहतो. त्यामुळे नांगरावरचा ओढा वर न जाता आडवा जातो आणि नांगर मातीत अधिक रुततो. लाटेच्या हिसक्यासरशी साखळी थोडी उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते; हिसका तिच्या वजनातच जिरतो. १८१३ मध्ये टॉमस ब्रन्टन याने मोठ्या साखळीच्या प्रत्येक कडीत मधोमध आडवी खीळ बसविण्याची युक्ती काढली. त्यामुळे कडी ताणाखाली चेपेनाशी झाली आणि साखळीला गुंता पडेनासा झाला.

पण साखळीबरोबर एक नवा धोकाही आला. दोरखंड कुजला तर डोळ्यांना दिसतो. सुंभ विरला तर बोटांना कळतो. लोखंडाचे तसे नाही. त्या काळी लोहार सळई तापवून, वाकवून, तिची दोन टोके ऐरणीवर ठोकून जोडीत असे. आच थोडी कमी पडली किंवा जोडात भट्टीची घाण राहिली, तरी बाहेरून कडी गुळगुळीतच दिसे. शेकडो कड्यांतील अशी एक कडी जहाज बुडविण्यास पुरेशी होती. ब्राऊनने हे ओळखून साखळी ताणून पाहण्याचे यंत्रच उभारले. परंतु सगळेच कारखानदार ब्राऊन नव्हते, आणि पुष्कळ जहाजमालक भावाकडे पाहूनच खरेदी करीत. अखेर १८६४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून कसोटीला न उतरलेले नांगर व साखळ्या विकण्यास मनाई केली. साखळीचा १५ वावांचा एकेक तुकडा यंत्रावर ताणला जाई आणि उतरला तरच त्यावर शिक्का बसे. मी स्वतः कचेरीतला माणूस. शिक्क्यांची थट्टा मी पुष्कळ ऐकली आहे. पण हा शिक्का म्हणजे खलाशाच्या प्राणांची हमी होती.

या कहाणीला दुसरीही बाजू आहे. इंग्लंडमधील क्रॅडली हीथ हे साखळ्यांचे माहेरघर. जाड साखळ्या कारखान्यांत पुरुष घडवीत. हलक्या साखळ्या घरामागच्या लहानशा भट्ट्यांवर बायका. पन्नासांहून अधिक तास हातोडा चालवून त्यांच्या पदरात आठवड्याला पाच-सहा शिलिंग पडत. १९१० मध्ये तासाला अडीच पेनी असा किमान दर ठरला, म्हणजे ५४ तासांच्या आठवड्याला ११ शिलिंग ३ पेन्स. अनेक मालकांनी तो टाळण्यासाठी त्या बायकांकडून सवलतीच्या कागदांवर सह्या घेण्यास आरंभ केला. तेव्हा मेरी मॅकार्थर हिच्या नेतृत्वाखाली शेकडो बायकांनी काम बंद ठेवले आणि दहा आठवड्यांनंतर त्या जिंकल्या. साखळी स्वस्त कशी पडते, याचे एक उत्तर त्या भट्ट्यांपाशी होते.

आता पुन्हा माझ्या स्नेह्यांकडे वळू. १९६७ साली ब्रिटनने हा कायदा नव्याने केला, तेव्हा तो १२.५ मिलिमीटर व त्याहून जाड साखळीलाच लागू केला. लहान होडीला आठ किंवा दहा मिलिमीटरची साखळी पुरते. म्हणजे ज्या देशात ही कसोटी जन्मली, तेथेही लहान गिऱ्हाईक कायद्याच्या छत्राबाहेरच राहिले. त्याने आपली पारख आपणच केली पाहिजे. कड्यांवर ठरावीक अंतराने प्रतीची खूण ठोकलेली आहे काय, दुकानदार ताण-कसोटीचा दाखला देतो काय, जोड सर्वत्र सारखे आहेत काय, हे पाहावे. मुलाम्याच्या चकाकीवर जाऊ नये. जस्त गंज थोपविते, पण कच्चा जोड पक्का करीत नाही. पैसा बेताचा असेल तर हलक्या प्रतीची लांब साखळी घेण्यापेक्षा उत्तम प्रतीची आखूड साखळी नांगरालगत लावावी आणि पुढे नायलॉनचा दोर जोडावा. दोर हलका असल्यामुळे तो अधिक लांब सोडावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. साखळी एका टोकाला झिजली तर उलटी करून लावावी. मुलामा गेला पण लोखंड शाबूत असेल तर तो पुन्हा चढवून घ्यावा.

हे सारे मी त्यांना पुढे पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले: होडी दुरुस्त झाली, नवी साखळी पहिलीच्या निम्म्या लांबीची आणि दुप्पट दराची आहे, आणि वारा सुटलेल्या रात्री आता झोप लागते.