मातीची जनावरे, मुलांची
लहान मुलांनी ओल्या मातीतून हाताने घडविलेल्या, सामान्यतः मुठीत मावतील एवढ्या आकाराच्या पशुपक्ष्यांच्या प्रतिमा. कुंभाराने मुलांसाठी केलेली खेळणी आणि मुलांनी स्वतः केलेली जनावरे यांत भेद करणे आवश्यक आहे. तथापि खेळण्यांच्या इतिहासात तो क्वचितच केला जातो. याचे मुख्य कारण असे, की मुलांची जनावरे बहुधा भाजली जात नाहीत. उन्हात वाळविलेली माती पहिल्या पावसात पुन्हा माती होते. त्यामुळे उपलब्ध पुरावा मुख्यतः आगीतून गेलेल्या वस्तूंचा, म्हणजे बहुतांशी प्रौढांच्या कामाचा आहे.

भाजलेल्या मातीच्या प्राण्यांचे फार प्राचीन नमुने मोरेव्हियातील (चेक प्रजासत्ताक) दोल्नी व्हेस्तोनिट्से येथील पुराणाश्मयुगीन वसतिस्थानात सापडले. सु. ३०,००० वर्षांपूर्वीच्या या वस्तीत सिंह, अस्वल, मॅमथ इ. प्राण्यांच्या लहान प्रतिमा व त्यांचे असंख्य तुकडे मिळाले. तेथेच १९२५ मध्ये मिळालेल्या प्रसिद्ध स्त्रीमूर्तीवर एका बालकाच्या बोटाचा ठसा आढळला असून त्याचे वय ७ ते १५ वर्षांच्या दरम्यान असावे, असा अंदाज आहे. मूर्ती त्याने घडविली, असे यावरून सिद्ध होत नाही. माती ओली असताना मुलाचा हात तिला लागला, एवढेच निश्चित म्हणता येते. या विषयाच्या अभ्यासात एवढा पुरावाही मोलाचा ठरतो.

सिंधू संस्कृतीच्या स्थळी बैल, गेंडा, माकड, कुत्रा, पक्षी यांच्या मृण्मूर्ती मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. दोरीने डोके हलविता येणारे बैल व चाकांच्या गाड्या ही कुशल कारागिराची कामे होत. त्यांच्याबरोबरच बोटांनी कसेबसे चिमटून केलेली ओबडधोबड जनावरेही आढळतात. त्यांपैकी काही मुलांनीच केली असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मात्र ओबडधोबडपणा हे एकटे गमक पुरेसे नाही. प्रौढ माणूसही घाईने वाईट बैल करू शकतो.

दुसरी अडचण हेतूची आहे. खेळणे कोणते आणि पूजावस्तू कोणती, हे केवळ आकारावरून ठरविता येत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीच्या एका घरात मातीच्या झाकणदार पात्रासह कच्च्या मातीची शिरोहीन स्त्रीमूर्ती व बैल मिळाले. मूर्तीला व बैलाच्या पाठीला भोके असून काडीच्या साहाय्याने ती बैलावर बसविता येत असे. हाच बैल उकिरड्यात एकटा सापडला असता, तर त्याची नोंद खेळणे म्हणून झाली असती. संदर्भ नष्ट झाला, की अर्थ लावण्यास पुराव्याचा आधार उरत नाही.

साहित्यातील पुरावाही असाच एकांगी आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकात रोहसेनाची मातीची गाडी त्याने स्वतः केलेली नाही. ती दासी रदनिकेने त्याला करून दिलेली आहे.

महाराष्ट्रात या प्रकाराला सणांचा आधार लाभला. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत आषाढातील बेंदराला, तर अन्यत्र श्रावण अमावास्येच्या पोळ्याला मातीचे बैल पूजिले जातात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या तान्ह्या पोळ्यात मुलांचे बैल लाकडी असतात. पूजेचे बैल कुंभाराकडून येत. उरलेल्या मातीचे बैल मात्र मुलांचे. दिवाळीतील किल्ल्यावरही मावळ्यांच्या जोडीला मुलांच्या हातची गाय, वाघ वा घोडा दिसतो. शहरांतून साच्यातील प्लॅस्टरचे रंगीत बैल विक्रीस येऊ लागल्यापासून ही सवय कमी झाली.

मातीचा स्वभाव येथे निर्णायक ठरतो. काळी माती वाळताना फार आकसते व तडकते. म्हणून नदीकाठचा किंवा तळ्याचा गाळ खडे काढून, थोडी बारीक वाळू मिसळून मळतात. मूल प्रथम धडासाठी जाड वळी करते व तिला पाय, शिंगे, शेपूट चिकटविते. सांधे वाळले की अवयव गळतात. दोन्ही पृष्ठभाग खरवडून मध्ये पातळ चिखल लावल्यास सांधा टिकतो. किंवा एकाच गोळ्यातून पाय ओढून व वशिंड चिमटून काढावे लागते. ओल्या धडाचा भार बारीक पायांना पेलत नाही, म्हणून ते आखूड व जाड होतात, कधी पुढचे दोन व मागचे दोन जोडूनच केले जातात. सिंधू संस्कृतीतील अनेक बैलांचे पाय असेच जोडलेले आहेत. ज्याला अकौशल्य म्हटले जाते, ते पुष्कळदा मातीचे भान असते. भरीव धडात ओल राहिल्यास भाजताना वाफेने ते फुटते. मुलांची जनावरे भट्टीत न जाण्याचे हेही एक कारण होय.

शिक्षणात या कामाला स्थान दिले ते फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने. १८३७ मध्ये बाट ब्लांकेनबुर्ख येथे काढलेल्या व पुढे १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलेल्या संस्थेच्या पद्धतीत मृत्तिकाकाम हा एक व्यवसाय होता. गोल, घन, दंडगोल या आकारांवरून वस्तूंकडे जाण्याचा त्यात क्रम असे. मारिया माँटेसरी यांनी नमुना पाहून लहान वस्तू घडविण्याचा पाठ नाकारला. मुलांना माती मोकळेपणाने वापरू द्यावी व त्यावरून मुलाच्या मनोवृत्तीचे निरीक्षण करावे, असे त्यांचे मत होते. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम करताना महाग साधनांऐवजी बिया, पाने, शंखशिंपले व माती यांचा वापर केला. काटकसरीचा म्हणून हा निर्णय गौरविला जातो. प्रस्तुत संदर्भात त्याचे महत्त्व वेगळे आहे : गुरांमागे फिरलेल्या मुलाला बैल कसा वळतो, हे शिक्षकाने दाखवावे लागत नाही. याउलट पुष्कळ शाळांतून शिक्षकाचा हत्ती टेबलावर ठेवून चाळीस सारखे हत्ती करवून घेण्याची प्रथा रूढ झाली. तिने या कामातील निरीक्षणाचा भागच काढून टाकला.

न वाळणारी कृत्रिम माती इंग्लंडमधील बाथ येथील कलाशिक्षक विल्यम हार्बट याने १८९७ मध्ये तयार केली. खनिज चूर्ण व स्निग्ध द्रव्ये यांच्या या मिश्रणास ‘प्लॅस्टिसीन’ हे नाव मिळाले. पिठापासून केलेली ‘प्ले-डो’ ही अमेरिकेत मूळची भिंतीचा कागद पुसण्याची लगदी; ती १९५६ पासून खेळणे म्हणून विकली जाऊ लागली. या पदार्थांमुळे तडकण्याची अडचण दूर झाली, परंतु तेच द्रव्य पुनःपुन्हा वापरता येत असल्याने सकाळचा घोडा दुपारी मोडून त्याचे कासव होते.