फुलरटनच्या पेटीची जन्मतारीख

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. शिक्षणाने ते हिशेबनीस, आवडीने रेडिओ दुरुस्त करणारे. मंदीत नोकरी गेली तेव्हा ६०० डॉलर कर्ज काढून १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी रेडिओचं दुकान टाकलं. आसपासचे वादक आपले बिघडलेले अॅम्प्लिफायर तिथे आणून टाकत. ते उघडता उघडता फेंडर यांना कळत गेलं, की ही यंत्रं कुठे जळतात, कुठे तुटतात आणि कशामुळे. १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्याबरोबर भागीदारी झाली, पुढच्या वर्षी स्वतःची कंपनी निघाली.

दुरुस्ती करणाऱ्याने घडवलेली वस्तू असल्यामुळे फेंडरचा अॅम्प उघडायला सोपा. मागची फळी काढा, चॅसी म्हणजे आतला धातूचा सांगाडा बाहेर घ्या. सगळे भाग एका पट्टीवर ओळीने मांडलेले, हात जाईल एवढी जागा ठेवलेली. पण हाच गुण आज त्याच्या इतिहासाच्या मुळावर आला आहे. गेल्या सत्तर वर्षांत ज्या कोणाकडे सोल्डरिंग आयर्न होतं, त्याने आत हात घातला. १९५८ चा म्हणून विकायला आलेल्या अॅम्पमध्ये १९५८ चं नेमकं किती उरलं आहे, हा प्रश्न म्हणूनच आधी सोडवावा लागतो.

या पेट्यांमध्ये सर्वांत मानाची म्हणजे बासमन. १९५१ मध्ये फेंडरने प्रिसिजन बास ही बास गिटार बाजारात आणली. तिच्यासाठी पुढच्या वर्षी हा अॅम्प आला, तेव्हा त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता. दशकाच्या मध्यावर त्याजागी दहा इंची चार स्पीकर आले. बाससाठी ते बेताचेच होते, गिटारवाल्यांनी मात्र अॅम्प उचलून धरला. आवाज वाढवत नेला की स्वर फाटण्याच्या बेताला येतो आणि तिथेच गोड लागतो. ब्लूज वाजवणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. १९५८ ते १९६० या काळातल्या बासमनच्या सर्किटला ५एफ६-ए म्हणतात. यातला ५ म्हणजे १९५० चं दशक, एफ ही सर्किटची आवृत्ती, ६ हा मॉडेलचा क्रमांक आणि ए म्हणजे त्यानंतरची छोटी सुधारणा. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवणारे जिम मार्शल, त्यांचे तंत्रज्ञ केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांनी १९६२ मध्ये हेच सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ हा अॅम्प बांधला. त्यांनी स्पीकर सेलेस्टिअनचे घेतले, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळाले ते बसवले आणि आवाज वेगळाच निघाला. ब्रिटिश रॉकचा गडगडाट असा एका अमेरिकन बास अॅम्पच्या नकलेतून सुरू झाला.

आता तारखेकडे. पेटीच्या आत एक कागद चिकटवलेला असतो. कोणता व्हॉल्व्ह (आवाज वाढवणारी काचेची नळी) कुठल्या सॉकेटमध्ये बसतो, त्याचा हा तक्ता. त्यावर रबरी शिक्क्याने दोन अक्षरं उमटवलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. वर्षाची मोजणी १९५१ ला ए धरून होते. म्हणजे ‘एचई’ असेल तर १९५८ चा मे महिना. शिक्का स्पष्ट दिसला की खरेदीदाराचे डोळे चमकतात, पण एवढ्यावर पैसे मोजणं भाबडेपणाचं. कागद सुटतो, फाटतो आणि नवा छापूनही मिळतो.

म्हणून धातूकडे वळावं लागतं. अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने ठरवलेले सांकेतिक आकडे स्पीकर, ट्रान्सफॉर्मर आणि पोटेन्शिओमीटर (पॉट) यांवर छापलेले किंवा कोरलेले असतात. सुरुवातीचे अंक कारखान्याचे: २२० म्हणजे जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, ३०४ स्टॅकपोल, १३७ सीटीएस, ६०६ शूमाखर. पुढे वर्ष आणि आठवडा. स्पीकरवर २२०८११ असेल तर तो जेन्सनने आठ साली अकराव्या आठवड्यात बनवला. आठ म्हणजे १९४८ की १९५८? एकाच अंकात वर्ष बसवल्यामुळे हा पेच कायमचा आहे. तो स्पीकरच्या बनावटीवरून, चुंबकावरून, लेबलावरून सोडवावा लागतो. पॉटवर ३०४७४५ दिसला तर स्टॅकपोल, १९५७, पंचेचाळिसावा आठवडा, म्हणजे नोव्हेंबर. मे १९५८ च्या शिक्क्याशी हे दोन्ही आकडे जुळतात: नोव्हेंबरचा पॉट, मार्चचा स्पीकर, मेमध्ये जुळणी. त्याच पेटीत एक स्पीकर १९६३ चा निघाला, तर तो नंतर बसवलेला.

यातून एकच भक्कम नियम हाती येतो. पेटी तिच्यातल्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. किती नवी असू शकते, हे मात्र कोणताच आकडा सांगत नाही, कारण कारखान्यात माल साठून राहतो. फेंडरने १९६६ मध्ये पोटेन्शिओमीटरचा असा काही साठा केला, की पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्या गिटारमध्ये १९६६ चेच पॉट सापडतात.

खरी परीक्षा सोल्डरची असते. कारखान्याचा मूळ टाका पन्नास-साठ वर्षांनी मंद पडतो, त्यावर धूळ आणि फ्लक्सचा पिवळसर थर बसतो. शेजारीच चकचकीत टाका दिसला की तिथे कोणीतरी येऊन गेलं, हे नक्की. कित्येक चॅसींमध्ये मास्किंग टेपचा तुकडा आढळतो आणि त्यावर पहिलं नाव लिहिलेलं असतं: ज्या बाईने ती चॅसी जोडली तिचं. फुलरटनच्या जुळणी विभागात मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. बासमनचं श्रेय सांगताना या बायका बहुतेक ठिकाणी गळतात. टेप मात्र टिकून आहे.

बाहेरचं रूपही काळ सांगतं. ज्याला सगळे ट्वीड म्हणतात, ते प्रत्यक्षात प्रवासी बॅगांना लावतात तसलं लाखेचा हात दिलेलं सुती कापड. आधी समोरची चौकट जुन्या टीव्हीसारखी, १९५३ च्या सुमारास रुंद पट्ट्यांची, १९५५ पासून अरुंद. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर कंपनी घेतली. त्यानंतर समोरच्या पट्टीवरचं ‘फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट’ जाऊन ‘फेंडर म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स’ आलं.

मूळ काय आणि नंतरचं काय, हे ठरलं की दुरुस्तीचा वाद पेटतो. संग्राहकाला सगळं मूळ हवं असतं. वादकाला अॅम्प चालायला हवा. दोघांच्या मध्ये इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर उभा आहे. त्याच्या आतलं ओलसर रसायन वर्षानुवर्षं सुकत जातं. मग आधी घरघर वाढते, पुढे कंडेन्सर शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जाळतो. मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही, कंडेन्सर मात्र आजही नवे मिळतात. त्यामुळे हे फिल्टर कंडेन्सर मूळच ठेवण्याचा हट्ट हा प्रेम नव्हे, अडाणीपणा आहे. दोन पिनांची वायर आणि वीजपुरवठा व चॅसी यांच्यामध्ये बसवलेला छोटा कंडेन्सर यांचंही तसंच. तो बिघडला तर गिटारच्या तारांमधून झटका बसतो. तिथे तीन पिनांची, अर्थिंगची वायर हवीच.

याउलट कार्बनचे रजिस्टन्स, सिग्नलच्या वाटेवरचे पिवळे अॅस्ट्रॉन कंडेन्सर, स्पीकरचे कागदी कोन यांना चालताहेत तोवर हात लावू नये. वर्षं पडून असलेला अॅम्प थेट प्लगला लावायचा नसतो. डिमरस्टॅटवर व्होल्टेज हळूहळू चढवायचं, नाहीतर आपल्याकडच्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या भिंतीवर असतो तसा सीरिज बोर्ड लावायचा; बल्ब भगभगीत पेटला, की आत कुठेतरी शॉर्ट आहे. स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून आधी ते रजिस्टन्समधून उतरवून घ्यायचे. भारतात अमेरिकन अॅम्प चालवणाऱ्याला २३० वरून ११० व्होल्टवर आणणारा वेगळा ट्रान्सफॉर्मरही लागतो.

व्हॉल्व्हच्या बाबतीत भारताचा एक धागा मात्र थेट आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) फिलिप्सच्या सहकार्याने १९६० च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. ट्रान्झिस्टर आल्यावर आपल्याकडे ते भंगारात गेले. आज बीईएलचे जुने ईसीसी८३ व्हॉल्व्ह परदेशातले गिटारवाले हुडकून घेतात.

जुनी पेटी हाती आलीच, तर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी कॅमेरा काढावा. आतला प्रत्येक आकडा, प्रत्येक टाका, टेपवरचं नाव टिपून ठेवावं. काढलेला एकही कंडेन्सर फेकू नये. पाकिटात घालून, कधी काढला ते लिहून, पेटीच्या आतच ठेवावा. आणि १९५९ चा बासमन म्हणून कोणी स्वस्तात देऊ करत असेल, तर चॅसी आधी बाहेर काढायला लावा. १९९० पासून फेंडर स्वतःच त्याच रूपाचा नवा अॅम्प बनवते. त्यात फायबरच्या पट्टीऐवजी छापील सर्किट बोर्ड दिसेल.