कमी दिसणाऱ्यांसाठीचे ‘स्मार्ट चष्मे’ नेमकं काय करतात?

पांढरी काठी घेतलेली व्यक्ती मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचताना दिसली, की ‘हिला तर दिसतंय!’ अशी कुजबुज होते. पण पूर्ण अंधत्व आणि नीट दिसणं यांच्या मधेही एक मोठा टप्पा असतो. त्याला अल्पदृष्टी किंवा लो व्हिजन म्हणतात.

अल्पदृष्टी म्हणजे काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 पेक्षा कमी ते 3/60 पर्यंत असणं, किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून कमी, पण 10 अंशांपर्यंत असणं म्हणजे अल्पदृष्टी. निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसणारं अक्षर 6 मीटरवरूनच दिसत असेल, तर ती दृष्टी 6/18.

उपकरणांचे दोन प्रकार

दाखवणारी: मूळच्या कॅनडातल्या ‘ईसाइट’मध्ये कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि डोळ्यांपुढच्या दोन छोट्या स्क्रीनवर मोठं, ठळक करून दाखवतो. त्यासाठी थोडी दृष्टी शिल्लक असावी लागते.

वाचून सांगणारी: इस्रायलच्या ‘ऑरकॅम मायआय’चा छोटा कॅमेरा चष्म्याच्या काडीवर बसतो. मजकुराकडे बोट दाखवलं, की तो कानाजवळ वाचून दाखवतो. पूर्ण अंध व्यक्तीही तो वापरू शकते.

कोणाला काय उपयोगी?

वयोमानानुसार पडद्याचा मधला भाग खराब झाला असेल, तर अक्षर मोठं केल्याने फायदा होतो. काचबिंदूमुळे नळीतून पाहिल्यासारखं दिसत असेल, तर उलट घडतं. अक्षर जितकं मोठं, तितकी कमी अक्षरं नजरेत मावतात. अशा वेळी वाचून सांगणारं उपकरण बरं.

मर्यादा

ही उपकरणं आजार बरा करत नाहीत आणि काठीची जागाही घेत नाहीत. दृश्य मोठं करून चालणं धोक्याचं, कारण आजूबाजूचं दिसेनासं होतं. शिवाय ती महाग असतात. 2017 मध्ये आलेल्या ‘ईसाइट 3’ची किंमत सुमारे 10 हजार डॉलर होती.

घेण्यापूर्वी

आधी लो व्हिजन क्लिनिकमध्ये तपासणी करून घ्या. औषधाची पट्टी, वीजबिल, बसची पाटी अशा रोजच्या गोष्टींवर उपकरण वापरून पाहा. ते मराठी मजकूर वाचतं का, हेही तपासा. अनेकांचं काम साध्या भिंगाने किंवा मोबाइलमधल्या मॅग्निफायरनेही भागतं.