बांधकाम मजूर : अपघात नुकसानभरपाई

बांधकामावर जखमी झालेल्या किंवा दगावलेल्या मजुराला अथवा त्याच्या वारसांना मालकाकडून मिळणारी कायदेशीर भरपाई. तिचे मूळ 1923 च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात आहे. 2010 पासून त्यात ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ शब्द आला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत (पहा) हा अधिनियम समाविष्ट झाला.

1923 च्या अधिनियमात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मजूर ठेकेदाराचा असला तरी दावा मुख्य मालकावर करता येतो; मजुरांच्या दृष्टीने ही तरतूद सर्वांत मोलाची. मृत्यूस मासिक वेतनाच्या 50%, कायमच्या पूर्ण अपंगत्वास 60% रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. अंगठा गेल्यास कमाईक्षमतेची हानी 30% धरली जाते. भरपाई महिन्याभरात न दिल्यास 12% व्याज लागते. दाव्याची मुदत दोन वर्षे असून परप्रांतीय मजुराला तो राहत्या ठिकाणीही दाखल करता येतो. मंडळाकडील नोंदणीचे लाभ (पहा : इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ) याहून वेगळे.

अशा अपघाताचे एक उदाहरण : सातपूर (नाशिक) परिसरात जुलै 2019 मध्ये ध्रुवनगर येथील बांधकामावर पाण्याची टाकी कोसळून मजूर मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रात भरपाईचे दावे कामगार न्यायालयांत (पहा) चालत आले आहेत.