तुकड्यातुकड्यांचे रान

बिदर म्हटले की आपल्या गोमंतकीयांना महमूद गावान आठवतो. १४७२ साली त्याने विजयनगरकडून गोवा जिंकून बहामनी राज्याला जोडला. त्याआधी खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या मोहिमेत त्याला दाट जंगल तोडून वाट काढावी लागली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. जंगल तेव्हा राज्यकर्त्यांना अडथळा वाटे. आज त्याच बहामनींच्या दोन राजधान्यांच्या जिल्ह्यांत, बिदर आणि कलबुर्गीत (२०१४ पर्यंतचे गुलबर्गा), उरलेले रान शोधत जावे लागते.

त्यातले महत्त्वाचे रान चिंचोळी तालुक्यात, तेलंगणाच्या हद्दीला लागून आहे. साग, धावडा, पळस, टेंभुर्णी, चंदन अशी पानझडी झाडे तिथे आहेत. २०११ साली सुमारे १३५ चौ. कि.मी. क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

१९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा मुंबई राज्यात, तांडूर, कोडंगल आंध्रात आणि बिदर, भालकी, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. एकाच पठाराचे कागद तीन राज्यांच्या कचेऱ्यांत वाटले गेले. कागदावरच्या रेघेने झाडाचे मूळ तुटत नाही, हे खरे. पण तुरीची शेते, रस्ते, धरणाचे पाणी, वाढती गावे आणि तांडे यांनी जमिनीवरही रेघा ओढल्या.

आता थोडा हिशेब करू. १०० हेक्टरचे चौकोनी रान घेतले तर त्याची कड ४ कि.मी. भरते. त्याच रानाचे एकेक हेक्टरचे १०० चौकोनी तुकडे केले, तर कड होते ४० कि.मी. दप्तरात क्षेत्रफळ तेवढेच, १०० हेक्टर! पण कडेनेच तर ऊन, वारा आणि गुरे आत शिरतात. पालापाचोळा सुकतो. त्याखाली ओलाव्यात राहणारे किडे नाहीसे होतात आणि उघड्या माळावरच्या मुंग्या त्यांची जागा घेतात. घाणेरी आणि गाजर गवतही याच वाटेने आत येते.

ब्राझीलमध्ये मनौस शहराजवळ थॉमस लव्हजॉय यांनी १९७९ मध्ये मुद्दाम १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे राखून त्यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या शेणकिड्यांवर १९८९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की लहान तुकड्यांत किड्यांच्या जाती कमी झाल्या, संख्या घटली आणि उरलेले किडे आकारानेही लहान होते. परिणामी शेण कुजण्याचा वेगही मंदावला. अखंड जंगल फार तर काहीशे मीटरवर होते, पण मधली उघडी जमीन कित्येक किड्यांना ओलांडवत नव्हती.

शेणकिडा शेणाबरोबर बीही जमिनीत पुरतो. वाळवी लाकडाची माती करते. मुंग्या बिया वाहून नेतात. ही मंडळी गेली की बी वरच पडून वाळते. मोठी झाडे मात्र अनेक वर्षे उभीच असतात, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला रान आहे तसेच दिसते. त्यांच्या खाली रोपे नाहीत, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. चिंचोळीसारख्या कोरड्या मुलखात सावली आणि ओलावा मुळातच बेताचा. तिथे एवढा तोटाही जड जातो.

तांड्यावरच्या माणसालाही शेत हवे, रस्ता हवा. त्याला दोष देऊन भागणार नाही. पण ओढ्याकाठची झुडपे आणि बांधावरची झाडे राखली तर दोन तुकड्यांमध्ये किड्यामुंग्यांना वाट राहू शकते.

आपण सांतेरीला रोयणीच्या, वारुळाच्या रूपात पुजतो. ते वारूळ वाळवीनेच बांधलेले असते. जमिनीखालच्या जिवांचे मोल आपल्याला परके नाही. म्हणून वाटते, चिंचोळी असो की आपली सत्तरी, वनाच्या तक्त्यात क्षेत्रफळाशेजारी आणखी एक रकाना असावा : हे रान किती तुकड्यांत आहे?