बधिरांध मुलांचे शिक्षण

बधिरांध मुलांचे शिक्षण : श्रवण व दृष्टी या दोन्हींत एकाच वेळी दोष असलेल्या मुलांसाठीचे विशेष शिक्षण. अशा मुलांपैकी अनेकांना थोडीफार दृष्टी किंवा श्रवणशक्ती असते. परंतु अंध मूल कानांनी आणि बहिरे मूल डोळ्यांनी जी उणीव भरून काढते, ती सोय येथे नसते. त्यामुळे अंधशाळेची किंवा कर्णबधिर शाळेची पद्धत जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. इतर मुले घरात वावरताना पाहून-ऐकून असंख्य गोष्टी आपोआप उचलतात. बधिरांध मुलाला मात्र जेवण कुठून येते, आई खोलीतून कधी गेली, हेसुद्धा मुद्दाम स्पर्शातून कळवावे लागते.

कारणे व प्रकार : गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईला झालेला रुबेला, अकाली जन्म, मेंदूच्या आवरणाचा दाह, तसेच चार्ज व अशर हे जनुकीय विकार ही प्रमुख कारणे होत. शिक्षणाच्या दृष्टीने दोष कधी उद्भवला याला महत्त्व असते. जन्मजात बधिरांध मुलाच्या बाबतीत, आपल्या कृतीने समोरचा माणूस प्रतिसाद देतो या जाणिवेपासूनच आरंभ करावा लागतो. अशर विकाराच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते आणि दृष्टी पुढे हळूहळू अरुंद होत जाते. त्याला दृष्टी शिल्लक असतानाच ब्रेल व स्पर्शातून कळणाऱ्या खुणांची तयारी करून देतात.

इतिहास : बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी १८३७ पासून लॉरा ब्रिजमन (१८२९–१८८९) या बधिरांध मुलीला शिकवले. चमचा, किल्ली अशा वस्तूंना उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांनी वस्तू आणि नाव यांची सांगड घालून दिली. याच संस्थेत शिकलेल्या ॲन सलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी अलाबामात हेलन केलरच्या घरी पोहोचल्या. पाण्याच्या पंपापाशी हेलनला शब्दाचा उलगडा झाला तो ५ एप्रिलला, म्हणजे महिनाभर तळहातावर बोटांनी शब्द लिहिले गेल्यानंतर. सलिव्हन यांनी ठरावीक धडे बाजूला ठेवून दिवसभराच्या व्यवहारात पूर्ण वाक्ये हातावर उमटवली. हा बदल पद्धतीच्या दृष्टीने पंपाच्या प्रसंगाहून मोठा ठरला. केलर १९०४ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. सोव्हिएत संघात झागोर्स्क येथे १९६३ मध्ये निघालेल्या शाळेत अलेक्सांदर मेश्चेर्याकोव्ह यांनी जेवणे, कपडे घालणे अशा नित्याच्या कामांवर शिक्षण उभारले. तेथील चार विद्यार्थी पुढे मॉस्को विद्यापीठाचे पदवीधर झाले.

अमेरिकेत १९६४-६५ च्या रुबेलाच्या साथीनंतर जन्मतः बधिरांध असलेल्या मुलांची संख्या एकदम वाढली आणि अशा मुलांच्या शिक्षणाकडे नव्याने लक्ष गेले. नेदरलँड्समधील यान व्हान डाइक यांनी अशा मुलांसाठी हालचालींवर आधारित पद्धत विकसित केली. मूल डुलत असेल, तर शिक्षक त्याला बिलगून त्याच लयीत डुलतो व मध्येच थांबतो. ‘पुन्हा कर’ अशा अर्थाने मुलाने दिलेला धक्का हा संवादाचा आरंभ मानला जातो.

अध्यापनपद्धती : मुलाचा हात धरून काम करवून घेण्याऐवजी शिक्षकाचा हात खाली आणि मुलाचा वर ठेवतात. मटार सोलताना शिक्षकाची बोटे शेंग कशी दाबतात, दाणे कसे सुटतात हे मुलाला कळते आणि नको असेल तेव्हा त्याला हात काढून घेता येतो. प्रत्येक व्यक्तीची ओळखखूण ठरलेली असते, उदा., विशिष्ट कडे किंवा घड्याळ. दिनक्रमासाठी डावीकडून उजवीकडे कप्पे असलेली पेटी वापरतात. पहिल्या कप्प्यात अंघोळीचा मग, दुसऱ्यात चमचा, तिसऱ्यात झोपाळ्याच्या दोरीचा तुकडा असतो. काम उरकले की ती वस्तू ‘संपले’च्या डब्यात जाते. त्यातून आधी, नंतर, उद्या या कल्पना घडतात. प्रगतीनुसार वस्तूंची जागा उठावाची चित्रे, हातात दिलेल्या खुणा, बोटांची लिपी किंवा ब्रेल घेतात. उरलेल्या दृष्टी-श्रवणाचा वापर व चलनवलन प्रशिक्षण सोबत चालते. माणूस वारंवार बदलला की मुलाला ओळख व खुणा नव्याने जुळवाव्या लागतात, म्हणून एका मुलामागे एक प्रशिक्षित व कायम सोबत असणारी व्यक्ती आवश्यक मानतात. पालकांनी घरी त्याच खुणा वापरणेही तितकेच गरजेचे असते.

भारतातील स्थिती : बेरोझ वाच्छा यांनी १९७७ मध्ये मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड ही संस्था स्थापन केली, मुलांच्या शिक्षणासोबत ती शिक्षकांनाही प्रशिक्षण देते. अहमदाबाद येथील सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था १९९७ पासून देशभरातील सहयोगी संस्थांमार्फत काम करते. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात बधिरांधत्वाचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बहुविकलांगतेत त्याचा समावेश झाला. अंध, बधिर किंवा दोन्ही असलेल्यांना त्यांना योग्य अशा भाषेतून व संवादमाध्यमातून शिक्षण द्यावे, असे बंधन या कायद्याने शैक्षणिक संस्थांवर घातले आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्कही त्यात आहे. रुबेला हे टाळता येणारे कारण असल्याने २०१७ पासून देशात टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राबवण्यात आली.